कॉलेज बेसबॉलची स्पर्धा पाहायची तर पिचर मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा बॅटन रूजला लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) एमएस करतोय, त्याला तिथल्या बेसबॉल संघाचं वेड लागलंय, जूनमध्ये तुम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहात. तो म्हणतो, संघ स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात पोहोचला तर तो पाहायला सगळे मिळून नेब्रास्कातल्या ओमाहाला जाऊ. तुम्हाला क्रिकेट नीट कळतं, बेसबॉल जेमतेम. तर ही स्पर्धा असते कशी, पाहायची कशी, आणि एवढा खर्च करून जावं का?

जावं. पण फायनलची तिकिटं काढून ठेवू नका. का ते पुढे सांगते.

मी मूळची सांगलीची. वडील क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग करायचे आणि सुट्टीत मला शेजारी बसवून रकाने भरायला लावायचे. 2007 पासून ओमाहात राहते. 2020 साली कोविडमुळे स्पर्धा रद्द झाली, ते सोडलं तर दर जूनमध्ये मी मैदानावर असतेच, आणि सवयीने वहीसुद्धा असते. पहिली दोन वर्षं ती वही चुकीची भरली. धावा, फटके, कोण कसा बाद झाला, सगळं व्यवस्थित. तरी उद्या कोण जिंकेल याचा अंदाज दर वेळी साफ चुकायचा. शेजारच्या खुर्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ रोज एका पाकिटाच्या मागे फक्त चार-पाच आकडे लिहायचे आणि त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. ते फक्त पिचर, म्हणजे बेसबॉलचे गोलंदाज, मोजत होते. एवढं एक समजलं तर बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून हे उत्तर मुख्यतः त्याबद्दलच आहे.

आधी सांगाडा. देशभरातून 64 संघ निवडले जातात. काही आपापल्या विभागाचे म्हणजे कॉन्फरन्सचे विजेते म्हणून थेट येतात, बाकीचे निवड समिती घेते. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला यादी जाहीर होते. त्या शुक्रवारपासून सोळा ठिकाणी चार-चार संघांच्या ‘रिजनल’ सुरू होतात. सोळा विजेत्यांच्या आठ जोड्या लागतात, त्यांची तीन सामन्यांची मालिका म्हणजे ‘सुपर रिजनल’. उरलेले आठ संघ ओमाहाला येतात. तिथे पुन्हा चार-चारचे दोन गट, आणि दोन गटविजेत्यांमध्ये तीन सामन्यांची फायनल. ओमाहातल्या या शेवटच्या टप्प्याला कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात. ‘वर्ल्ड’ म्हणजे काय ते विचारू नका, अमेरिकन लोकांची ती जुनी खोड आहे.

रिजनल आणि ओमाहातले गट ‘डबल एलिमिनेशन’ पद्धतीने चालतात: दोनदा हरलात की घरी. एकदा हरलात तर मागच्या दाराने परत येता येतं. पण मागच्या दाराचं भाडं जबर असतं. रिजनलमध्ये शुक्रवारी हरलेल्या संघाला शनिवारी एक, रविवारी दुपारी एक, रविवारी रात्री एक आणि सोमवारी एक असे चार सामने सलग जिंकावे लागतात. म्हणजे चार दिवसांत पाच सामने. न हरणाऱ्या संघाला तीनच पुरतात.

क्रिकेटच्या डोक्याला वाटतं, असेल, तरुण पोरं आहेत, खेळतील. अडचण इथेच आहे. आपला गोलंदाज एकदिवसीय सामन्यात दहा षटकं टाकतो आणि दोन दिवसांनी पुन्हा दहा टाकतो. बेसबॉलमध्ये सुरुवातीचा पिचर, म्हणजे स्टार्टर, शंभरएक चेंडू पूर्ण ताकदीने फेकतो आणि मग पाच-सहा दिवस दिसत नाही. कॉलेजचा नेहमीचा हंगाम त्याला सोयीचा असतो. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन सामन्यांची मालिका, त्यामुळे प्रत्येक संघाकडे तीन ठरलेले स्टार्टर असतात. लोक त्यांना ‘फ्रायडे गाय’, ‘सॅटरडे गाय’ असंच म्हणतात. शुक्रवारवाला म्हणजे संघाचा हुकमी एक्का. आता चार दिवसांत पाच सामने आले की तीन स्टार्टर संपतात आणि चौथ्या दिवशी मैदानात येतो तो एखादा घाबरलेला फर्स्ट इयरचा पोरगा. कधी तो चमत्कार करतो. बहुतेक वेळा करत नाही.

(एक खुलासा, नाहीतर समालोचन ऐकताना गोंधळाल: इथे ‘पिच’ म्हणजे खेळपट्टी नव्हे, टाकलेला चेंडू. ‘पिच काउंट 95’ म्हणजे पंच्याण्णव चेंडू टाकून झाले.)

म्हणून वहीत काय लिहायचं, तर प्रत्येक संघाचं एक पान. पिचरचं नाव, कोणत्या दिवशी आला, किती चेंडू टाकले. बस. माझा अंदाजी हिशोब असा: नव्वदच्या वर गेला तर पाच दिवस विसरा. तीस-पस्तीस टाकले तर दोन दिवसांनी येऊ शकतो. पंधरा-वीस असतील तर उद्यासुद्धा. प्रशिक्षक हे नियम मोडतात, स्पर्धेच्या शेवटी तर सर्रास मोडतात, पण मोडले की तुम्हाला लगेच कळतं की त्यांच्याकडे दुसरा कोणी उरलेला नाही.

तुमच्याच मुलाच्या संघाचं उदाहरण घ्या. 2023 साली एलएसयूकडे पॉल स्कीन्स हा पिचर होता. त्याने शनिवारी टेनेसीविरुद्ध पहिला सामना जिंकून दिला. सोमवारी वेक फॉरेस्टकडून 3-2 अशी हार झाली आणि संघ मागच्या दाराला गेला. मंगळवारी टेनेसीला हरवलं, बुधवारी वेक फॉरेस्टला. आता दोघांचाही एकेक पराभव, गुरुवारी निकाल. शनिवार ते गुरुवार पाच दिवस होतात, हे माझ्या वहीत होतं. स्कीन्स आला. समोर वेक फॉरेस्टचा रेट लाउडर, तोही तितकाच तयार. दोघांनी एकही धाव दिली नाही. 0-0 असा सामना अकराव्या इनिंगपर्यंत गेला (एरवी नऊ इनिंगमध्ये संपतो) आणि तिथे एलएसयूच्या टॉमी व्हाइटने होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेरचा फटका, मारून 2-0 असा संपवला. मी डाव्या बाजूच्या स्टँडमध्ये होते. इतकी वर्षं पाहूनही त्या तोडीचा दुसरा सामना मला आठवत नाही. ज्यांना होम रनची आतषबाजी हवी असते ते दहाव्या इनिंगपर्यंत जांभया देत होते, हेही खरं.

पण वहीचं दुसरं पान बघा. गुरुवारी स्कीन्स खर्च झाला, म्हणजे शनिवारी सुरू होणाऱ्या फायनलला तो नाही. फ्लोरिडाविरुद्ध पहिल्या सामन्यात एलएसयूच्या टाय फ्लॉइडने सतरा जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मैदानात मारूच न देता बाद केलं, आणि एलएसयू 4-3 जिंकलं. दुसऱ्या दिवशी एलएसयू हरलं, 24-4. हो, चोवीस. मुलं पार खचली असतील असं आपल्याला वाटतं. सोमवारी तोच संघ 18-4 जिंकून विजेता झाला.

क्रिकेटवाल्यांनी एक सवय घरी ठेवून यावी, ती म्हणजे नेट रन रेट. इथे तो प्रकारच नाही. 24-4 ने हरलात काय किंवा 4-3 ने, पराभव एकच लिहिला जातो. उद्या कोणाकडे ताजा हात आहे एवढाच प्रश्न असतो, आणि त्या सोमवारी एलएसयूच्या थॅचर हर्डने सहा इनिंग ओढून नेल्या. त्यामुळे मोठ्या पराभवानंतर मुलाचा उतरलेला चेहरा दिसला तर त्याला फक्त विचारा, ‘आज किती पिचर वापरले?’ अशाच एका पराभवाची गोष्ट मी भारतीय पाहुण्यांना हमखास सांगते. 2019 साली सुपर रिजनलमध्ये व्हँडरबिल्ट पहिला सामना ड्यूककडून 18-5 हरलं. दुसऱ्या दिवशी हरले तर हंगाम संपला. त्या दिवशी आला कुमार रॉकर, पहिल्याच वर्षाचा विद्यार्थी. त्याने एकही हिट दिला नाही, म्हणजे फटक्यावर कोणालाही बेस गाठू दिला नाही, आणि एकोणीस जणांना स्ट्राइकआउट केलं. पुढे व्हँडरबिल्ट विजेतं ठरलं आणि ओमाहातला सर्वोत्तम खेळाडूही कुमारच. नाव ऐकून तुम्हाला जे वाटलं ते बरोबर आहे, त्याची आई भारतीय वंशाची आहे. त्या जूनमध्ये आमच्या ओळखीतल्या चार मराठी घरांत, ज्यांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता, तिथेही टीव्ही लागला होता.

एकटा हुकमी एक्का पुरत नाही, हेही लिहून ठेवा. 2025 मध्ये आर्कान्सॉच्या गेज वुडने मरी स्टेटविरुद्ध एकही हिट न देता एकोणीस स्ट्राइकआउट केले. ओमाहात असा नो-हिटर 1960 नंतर पहिल्यांदाच झाला होता. सगळं मैदान उभं. दोनच दिवसांनी आर्कान्सॉ नवव्या इनिंगमध्ये 5-3 असं पुढे असताना एलएसयूने तीन धावा काढल्या आणि आर्कान्सॉ घरी गेलं. वुड डगआउटमध्ये बसून बघत होता. एकशे एकोणीस चेंडू टाकलेला हात दोन दिवसांत कुठून येणार?

आता माझी तक्रार. हे सगळं बघायला थरारक असलं तरी मला दर वर्षी कुठेतरी खटकतं. 2018 ची ओरेगन स्टेटची कहाणी लोक अजून डोळे विस्फारून सांगतात. पहिलाच सामना हरले, मागच्या दाराने फायनलला आले, तिथेही पहिला सामना हरले. दुसऱ्या सामन्यात आर्कान्सॉला विजेतेपदासाठी फक्त एक आउट हवा होता. चेंडू फाउल एरियात, म्हणजे रेषेबाहेर (तिथला झेलही आउटच), उंच उडाला, तीन क्षेत्ररक्षक धावले, तिघांच्या मध्ये पडला. ‘तुझा, तुझा’ करत झेल सोडणं आपण गल्लीतही पाहिलंय. त्यानंतर बरोबरी, मग दोन धावांचा होम रन, सामना 5-3. दुसऱ्या दिवशी केव्हिन एबल नावाच्या फर्स्ट इयरच्या मुलाने एकट्याने अख्खा सामना टाकला, 129 चेंडू, एकही धाव नाही. आदल्या दिवशीसुद्धा तो थोडा वेळ आला होता. पुढच्या वसंतात त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली. त्या चेंडूंमुळेच झाली असं कोणी ठामपणे म्हणू शकत नाही, आणि मीही म्हणत नाही. पण माझ्या वहीत त्या ओळीखाली मी तेव्हाच पेन्सिलने दोन रेघा मारल्या होत्या. शाळकरी बेसबॉलमध्ये चेंडूंच्या संख्येवर मर्यादा आहेत. कॉलेजात सगळं प्रशिक्षकाच्या शहाणपणावर सोडलंय, आणि प्रशिक्षकाची नोकरी निकालावर अवलंबून असते.

मैदानाबद्दलही थोडं कळायला हवं. ही स्पर्धा 1947 मध्ये मिशिगनमधल्या कालामाझूत सुरू झाली. (पहिल्या दोन्ही वर्षी येल विद्यापीठ फायनलला हरलं. त्यांचा फर्स्ट बेसमन जॉर्ज बुश, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला.) 1950 पासून ती ओमाहातच आहे. 2010 पर्यंत रोझनब्लाट स्टेडियम होतं, प्राणिसंग्रहालयाला लागून, टेकडीवर. 2011 पासून डाउनटाउनमधलं नवं मैदान, आता त्याचं नाव चार्ल्स श्वाब फील्ड, सुमारे 24,000 प्रेक्षकांचं. जुन्या मैदानावर चेंडू उडायचा. नव्याचं तोंड आग्नेयेकडे केलं आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वारा वाहतो दक्षिणेकडून. म्हणजे उंच मारलेल्या चेंडूला समोरून वारा. त्याच वर्षी बॅटचे नियमही कडक झाले. परिणाम असा की 2013 च्या चौदा सामन्यांत मिळून फक्त तीन होम रन झाले. 2015 पासून कमी उंच शिवणीचा चेंडू आणला, तो हवेत जरा लांब जातो, आणि आता होम रन पुन्हा दिसतात. तरी सामन्याला निघण्यापूर्वी मी अजून अंगणातल्या झाडाची फांदी बघते. दक्षिणेचा वारा जोरात असेल तर कमी धावांचा सामना होणार आणि बदली पिचरना किंमत येणार.

तिकिटांचं. पहिल्या चार दिवसांत, शुक्रवार ते सोमवार, ओमाहात आठ सामने होतात आणि प्रत्येक संघ बरोबर दोनदा खेळतो. एलएसयू आलं तर त्या चार दिवसांत ते दोनदा दिसणारच. नंतरची काहीही खात्री नाही. फायनलची तिकिटं आधी घेतलेल्यांचे चेहरे मी पाहिलेत, नवरा-बायको बाराशे मैलांवरून आलेले आणि मैदानात भलतेच दोन संघ. सुपर रिजनल रविवारी किंवा सोमवारी संपते आणि ओमाहा शुक्रवारी सुरू होतं, मध्ये चारच दिवस. त्यामुळे हॉटेल आत्ताच धरा, पण रद्द करता येणारं. डाउनटाउन परवडलं नाही तर मिझुरी नदीपलीकडे आयोवात काउन्सिल ब्लफ्स आहे, दहा मिनिटांवर. बॅटन रूजहून गाडीने यायचा बेत असेल तर एका दिवसात करू नका, दोघं आळीपाळीने चालवणार असलात तरी. दुपारच्या आणि संध्याकाळच्या सामन्याचं तिकीट वेगळं असतं. आउटफिल्डमागच्या जनरल ॲडमिशनला जागा ठरलेली नसते, आधी येईल तो बसेल, म्हणून सकाळपासून रांग. तिथे बीच बॉल उडवत राहायची जुनी रीत आहे आणि ते पकडायला सुरक्षारक्षक धावतात, त्यावर लोक क्षेत्ररक्षणाचे गुण देतात. पण ऊन थेट तोंडावर येतं. तुमच्या वयाला (माफ करा, माझ्याही) पहिल्या बेसच्या बाजूची सावली बरी.

पिशवी पारदर्शक लागते. एकदा मी पुरणपोळीचा डबा कापडी पिशवीतून नेला आणि दारावरून परत जाऊन गाडीत ठेवावा लागला. पावसाचंही लक्षात ठेवा. जूनमध्ये इथे विजांची वादळं येतात, खेळ तासन्‌तास थांबतो. थांबलेल्या खेळात पिचरचा हात थंड पडतो आणि बहुतेक वेळा तो परत येत नाही, तेव्हा वहीत वेळही लिहा.

सामन्यांच्या आदल्या दिवशी आठही संघांचा सराव उघडा असतो, प्रवेश फुकट, खेळाडू सह्या देतात. माझ्या मते सगळ्या स्पर्धेतला सर्वांत आनंदाचा दिवस तो, कारण त्या दिवशी कोणीच हरलेलं नसतं. मुलाच्या संघाची माणसं तुम्हाला शोधावी लागणार नाहीत. पार्किंगमध्ये जांभळा-सोनेरी रंग दिसेल आणि मोठ्या पातेल्यात जांबालाया (त्यांचा मसालेदार मांसाहारी भात) शिजत असेल. शाकाहारी आहात असं आधीच सांगा, ते ऐकून त्यांना खरोखर दुःख होतं. समोरच्या एका बारमध्ये कोणत्या संघाच्या चाहत्यांनी किती जेलो शॉट (जेलीतली दारू) संपवले याचा फळा असतो. 2023 मध्ये एलएसयूवाल्यांनी 68,888 केले. हा फळा मात्र वहीत नोंदवायची गरज नाही.

संघ नाहीच आला तर? तर वाईट वाटून घेऊ नका आणि याच कारणासाठी माझं खरं मत असं की एकच वीकेंड मिळणार असेल तर ओमाहापेक्षा रिजनल पाहा. पहिल्या सोळा मानांकनांत असलेल्या संघाला रिजनल घरच्या मैदानावर मिळते. म्हणजे मुलाच्या खोलीवर राहायचं, ॲलेक्स बॉक्स स्टेडियमवर जायचं, तीन-चार दिवसांत पिचर संपत जाताना डोळ्यांदेखत बघायचं. फक्त ती मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला असते, तेव्हा विमानाची तारीख आठवडाभर अलीकडे घ्यावी लागेल. आणि मानांकनावर फार विसंबू नका. 2022 मध्ये ओल मिसला समितीने 64 जणांत अगदी शेवटी जागा दिली आणि ते विजेते झाले. 2008 मध्ये फ्रेझ्नो स्टेट आपल्या रिजनलमध्ये चौथ्या म्हणजे शेवटच्या मानांकनावर होतं, तेही विजेतं झालं.

पुढच्या वर्षी पुण्यातून बघणार असाल तर वेळ समजून घ्या. जूनमध्ये ओमाहा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. दुपारी एकचा सामना तुमच्या रात्री साडेअकराला, संध्याकाळी सहाचा पहाटे साडेचारला. पहाटेचा बघा. चहा, वही, आणि दूधवाला येईपर्यंत तिसरी इनिंग. एक लक्षात असू द्या, पुढच्या वर्षी तीच नावं नसतील. चार वर्षांच्या कॉलेजातली मुलं तिसऱ्या वर्षानंतर व्यावसायिक ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ खेळाडू निवडतात त्यात) जातात, आणि हल्ली विद्यापीठं बदलणंही सोपं झालंय. स्कीन्स स्वतः एअर फोर्स अकॅडमीतून आला होता, टॉमी व्हाइट नॉर्थ कॅरोलायना स्टेटमधून. त्यामुळे दर फेब्रुवारीत, हंगाम सुरू होताना, वहीचं पान नव्याने आखावं लागतं.

वही साधी दोनशे पानी घ्या, आडव्या रेघांची. पेन्सिल दोन. आणि शुक्रवारी पहिल्या सामन्यात एलएसयू सहा-सात धावांनी पुढे असेल आणि तरीही प्रशिक्षकाने शुक्रवारवाल्याला आठव्या इनिंगमध्ये पुन्हा पाठवला, तर मुलाला कोपरखळी मारून विचारा, ‘ह्याला आत्ता का वापरतोय?’ तो चमकून तुमच्याकडे बघेल.